पिळावर तोललेला सूक्ष्म आरसा: स्थिर वर्तनाचं गणित पहिल्यांदा मांडताना

दोन बारीक दांड्यांच्या मध्ये धरलेली एक पातळ चौकोनी पाटी, वरून चकचकीत. तिच्या एका अर्ध्या भागाखाली इलेक्ट्रोड. व्होल्टेज दिलं की पाटी त्या बाजूला ओढली जाते, दांड्यांना पीळ बसतो, आणि विजेची ओढ व दांड्यांचा उलटा जोर जिथे बरोबरीत येतात तिथे आरसा थांबतो. स्थिर वर्तनाचं मॉडेल म्हणजे एवढंच: अमुक व्होल्टेजला आरसा किती कोनावर थांबेल, आणि कोणत्या व्होल्टेजनंतर तो थांबणारच नाही. कंपनं, हवेचा अडथळा, वेग हे सगळं आज बाजूला.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा थेट फायनाइट एलिमेंटच्या (वस्तूचे बारीक तुकडे करून गणित सोडवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये उडी मारली होती. त्रिमितीय आकृती झकास झाली, रंगीत चित्रं आली, आणि ऐंशी व्होल्टला सॉफ्टवेअर दर वेळी हात टेकायचं. मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली, सॉल्व्हर (सोडवण्याची पद्धत) बदलला, दोन आठवडे गेले. सॉफ्टवेअर बिचारं खरंच सांगत होतं. त्या आरशाला ऐंशी व्होल्टला समतोल नव्हताच, आणि नसलेलं उत्तर मी मागत होतो. अर्ध्या पानाचं गणित आधी केलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून आपण त्या अर्ध्या पानापासून सुरू करू. सॉफ्टवेअर शेवटाकडे येईल.

आधी एककं ठरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग दहाच्या बाराव्या घातात हरवतात. मीटर, न्यूटन वापरले तर प्रत्येक आकड्यामागे शून्यांची माळ येते आणि एखादं शून्य कुठे निसटलं ते दिसत नाही. त्यापेक्षा लांबी मायक्रोमीटरमध्ये, बल मायक्रोन्यूटनमध्ये आणि व्होल्टेज व्होल्टमध्ये ठेवा. मग ताण आपोआप मेगापास्कलमध्ये येतो, धारिता पिकोफॅरडमध्ये, आणि टॉर्क (फिरवणारा जोर) मायक्रोन्यूटन-मायक्रोमीटरमध्ये. निर्वाताची पर्मिटिव्हिटी (विजेच्या ओढीच्या सूत्रात येणारा स्थिरांक) या एककांत ०.०००००८८५४ पिकोफॅरड प्रति मायक्रोमीटर होते. तिला आपण 'प' म्हणू. हवेसाठीही हाच आकडा चालतो.

आता एक उदाहरण पक्कं करू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. आरसा पॉलिसिलिकॉनचा (बारीक स्फटिककणांनी बनलेल्या सिलिकॉनचा), २०० बाय २०० मायक्रोमीटर, जाडी २. फिरण्याचा अक्ष बरोबर मधून जातो, म्हणजे अक्षापासून कडेपर्यंतचं अंतर अ = १०० आणि अक्षाच्या दिशेची रुंदी र = २००. खालच्या इलेक्ट्रोडपर्यंतची फट फ = १०. दोन्ही बाजूंच्या दांड्या सारख्या: प्रत्येकीची लांबी ल = ५०, रुंदी द = ३, जाडी ज = २. इलेक्ट्रोड अक्षापासून कडेपर्यंत पूर्ण पसरलेला, एकाच बाजूला.

कड खाली टेकेल तो कोन फ ÷ अ, म्हणजे ०.१ रेडियन, ५.७३ अंश. प्रत्यक्ष कोनाला या कमाल कोनाने भागलं की ० ते १ मधला एक आकडा मिळतो. त्याला 'न' म्हणू. पुढचं जवळजवळ सगळं 'न' मध्येच लिहिता येतं, आणि म्हणूनच एका आरशासाठी केलेलं गणित दुसऱ्याला लागू पडतं.

दांडीची ताठरता

आयताकृती छेदाची दांडी पिळताना वर्तुळाकार दांडीचं सूत्र चालत नाही. त्यातलं ध्रुवीय जडत्व आघूर्ण घातलंत तर उत्तर सरळ सरळ जास्त येतं. नवशिक्यांची ही ठरलेली चूक आहे. रुंदी जाडीइतकी किंवा जास्त असेल तेव्हा छेदाच्या पीळ-स्थिरांकासाठी ('स') हे सूत्र वापरा:

स = द × ज³ × [ १/३ − ०.२१ × (ज/द) × (१ − ज⁴ ÷ (१२ × द⁴)) ]

आपल्या दांडीसाठी स = ४.७० मायक्रोमीटरचा चौथा घात. ध्रुवीय आघूर्ण ६.५ येतं, म्हणजे चूक जवळजवळ चाळीस टक्क्यांची झाली असती.

मग दोन दांड्यांची मिळून ताठरता:

त = २ × ग × स ÷ ल

इथे 'ग' म्हणजे शिअर मॉड्युलस, पदार्थाचा पिळाला होणारा विरोध. पॉलिसिलिकॉनचा यंग मॉड्युलस (ताणाला होणारा विरोध) १६० गिगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर आडवं आकुंचन किती ते) ०.२२ धरलं तर ग = ६५.६ गिगापास्कल, म्हणजे आपल्या एककांत ६५,६०० मेगापास्कल. त्यावरून त = १२,३२० मायक्रोन्यूटन-मायक्रोमीटर प्रति रेडियन.

एकस्फटिकी सिलिकॉन असेल तर इथे थांबून विचार करा. सिलिकॉनचे गुणधर्म दिशेनुसार बदलतात. नेहमीच्या १०० प्रतलाच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर; १००, ११० ही स्फटिकातल्या प्रतलांची आणि दिशांची नावं), पातळ आणि रुंद दांडी ११० दिशेने काढली तर पिळाला लागू पडणारा मॉड्युलस सुमारे ५१ गिगापास्कल असतो. तीच दांडी पंचेचाळीस अंशांनी वळवून १०० दिशेने काढली तर ७९.६. दीडपटीहून जास्त फरक, आणि तोही फक्त मास्कवर (आकृती उमटवायच्या साच्यावर) दांडी कोणत्या दिशेला आहे त्यावरून. वेफरची सपाट कड सहसा ११० दिशेने असते आणि लोक तिला समांतरच रेखाटन करतात, त्यामुळे नकळत छोटा आकडा लागू होतो. दांडीची जाडी आणि रुंदी जवळजवळ सारखी असेल तर खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतो. तेव्हा मात्र दिशेनुसार बदलणारे गुणधर्म घालून सॉफ्टवेअरमध्येच काढावा.

विजेचा टॉर्क

अक्षापासून काही अंतरावरची एक बारीक पट्टी घ्या. तिथली फट आता 'फ' उरलेली नाही; अंतर गुणिले कोन इतकी कमी झाली आहे. त्या पट्टीवरचा विजेचा दाब प × व² ÷ (२ × फटीचा वर्ग), इथे 'व' म्हणजे व्होल्टेज. त्याला अक्षापासूनच्या अंतराने गुणायचं आणि कडेपर्यंत संकलन करायचं. कोन लहान असल्यामुळे पट्टीखाली क्षेत्ररेषा सरळ उभ्या आहेत असं धरतो. संकलन हाताने होतं, आणि एकदा तरी हातानेच करा. उत्तर:

टॉर्क = [ प × र × व² ÷ (२ × कोन²) ] × ट(न)

ट(न) = न ÷ (१ − न) + लॉग(१ − न)

लॉग नैसर्गिक. न एकाजवळ गेला की पहिलं पद अफाट वाढतं: कड टेकायला आली की ओढ भरमसाट होते, आणि दांडीचा जोर मात्र कोनाच्या सरळ प्रमाणातच वाढत राहतो. पुढची सगळी गुंतागुंत या एका विसंगतीतून येते.

संगणकावर ट(न) काढताना एक खड्डा आहे. न फार लहान असताना दोन जवळजवळ समान आकडे एकमेकांतून वजा होतात आणि उरतो तो कचरा. न दशलक्षांशाच्या आसपास असताना चौथ्या अंकापासूनच उत्तर बिघडतं. त्याहून खाली तर आलेखाची सुरुवात करवतीच्या दात्यांसारखी दिसते. न ०.००१ च्या खाली असेल तर मालिका वापरा: ट(न) ≈ न²/२ + २न³/३ + ३न⁴/४. या मालिकेचं पहिलं पद घेतलं की टॉर्क प × र × अ² × व² ÷ (४ × फ²) येतो, म्हणजे छोट्या कोनाला आरसा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात झुकतो. आपला आरसा ३० व्होल्टला या कच्च्या सूत्राने ०.१९ अंश झुकतो. तुमच्या प्रोग्रामचं सुरुवातीचं टोक याच्याशी ताडून पाहा.

कोन धरा, व्होल्टेज काढा

आता समतोल मांडू: त × कोन = विजेचा टॉर्क. स्वाभाविक इच्छा अशी होते की व्होल्टेज १०, २०, ३० असं वाढवत न्यावं आणि दर वेळी कोन सोडवावा. तसं करू नका. एका व्होल्टेजला दोन समतोल असू शकतात, एकही नसू शकतो, आणि सोडवणारी पद्धत या दोन्हींत अडखळते. माझे दोन आठवडे याच खड्ड्यात गेले.

उलट करा. कोन तुम्ही ठरवा आणि त्या कोनावर आरसा थोपवायला किती व्होल्टेज लागेल ते विचारा. याचं उत्तर दर वेळी एकच असतं आणि काहीही न सोडवता थेट मिळतं:

व² = [ २ × त × फ³ ÷ (प × र × अ³) ] × न³ ÷ ट(न)

चौकटी कंसातला आकडा आपल्या आरशासाठी १३,९१५ येतो. आता स्प्रेडशीटच्या एका स्तंभात न लिहा, शेजारच्यात व:

| न | कोन (अंश) | व्होल्ट |
|---|---|---|
| ०.१ | ०.५७ | ४९.२ |
| ०.२ | १.१५ | ६४.४ |
| ०.३ | १.७२ | ७२.३ |
| ०.४ | २.२९ | ७५.६ |
| ०.४४ | २.५२ | ७५.९ |
| ०.५ | २.८६ | ७५.३ |
| ०.६ | ३.४४ | ७१.८ |
| ०.७ | ४.०१ | ६५.० |
| ०.८ | ४.५८ | ५४.६ |

या कोष्टकाकडे जरा वेळ बघा. व्होल्टेज चढतं, ७५.९ ला शिखर गाठतं आणि उतरायला लागतं. शिखराच्या अलीकडचे समतोल स्थिर आहेत: आरशाला किंचित ढकललं तर तो परत जागेवर येतो. पलीकडचे अस्थिर. तिथे समतोल कागदावर आहे, पण आरसा तिथे थांबत नाही. सुईच्या टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलसारखी गत. व्होल्टेज ७५.९ च्या वर नेलं की आरसा २.५२ अंशांवरून थेट खाली जाऊन आदळतो. याला पुल-इन म्हणतात.

शिखर कुठे आहे ते कलनशास्त्रानेही निघतं: ३ × ट(न) = न × ट'(न) (ट' म्हणजे ट चा न नुसार उतार), आणि त्यातून न = ०.४४०४. या आकड्यात दांडीची लांबी, फट, पदार्थ काही नाही. पूर्ण इलेक्ट्रोड असलेला कोणताही आदर्श पीळ-आरसा आपल्या कमाल कोनाच्या ४४ टक्क्यांवर कोसळतो. व्होल्टेज मात्र आरशागणिक बदलतं:

पुल-इन व्होल्टेजचा वर्ग = ०.८२७ × त × फ³ ÷ (प × र × अ³)

समांतर राहून सरळ खाली येणाऱ्या पाटीसाठी हीच मर्यादा फटीच्या एक तृतीयांशावर असते. नॅथनसन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये रेझोनंट गेट ट्रान्झिस्टरवरच्या कामात तिचा हिशेब मांडला होता. पीळ-आरसा थोडा जास्त सोसतो, कारण अक्षाजवळचा भाग फारसा हलतच नाही.

कोष्टकातून आणखी एक गोष्ट घ्या. १.७२ अंशांपासून २.५२ पर्यंतचा सगळा प्रवास साडेतीन व्होल्टच्या आसपास उरकतो. तिथे तुमच्या व्होल्टेज स्रोतातली अर्ध्या व्होल्टची कुरबुरही कोनात मोठी दिसते. म्हणून आरसा एखाद्या कोनावर नेमका धरायचा असेल, तर तो कोन पुल-इनच्या बराच अलीकडे ठेवा. मी स्वतः न = ०.३ च्या पुढे जात नाही.

खाली टेकल्यावर

पुल-इन म्हणजे बिघाड असं समजू नका. १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी शोधलेल्या डिजिटल मायक्रोमिरर उपकरणात आरसे मुद्दामच या टोकाला किंवा त्या टोकाला टेकवले जातात. मधला कोन नकोच असतो.

टेकलेला आरसा सुटतो कधी, तेही याच वक्रात आहे. समजा एक थांबा आरशाला न = ०.९ वर अडवतो. त्या कोनाचं व्होल्टेज याच सूत्राने ३८.९ येतं. म्हणजे व्होल्टेज चढवताना ७५.९ ला कोसळलेला आरसा व्होल्टेज ३८.९ च्या खाली आणल्यावरच सुटेल. मधल्या पट्ट्यात आरसा वर आहे की खाली, हे तो तिथे कुठून आला त्यावर ठरतं. प्रत्यक्षात पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, त्यामुळे सुटण्याचं व्होल्टेज याहून कमी येतं, आणि कधी कधी आरसा सुटतच नाही. त्या चिकटण्याचा हिशेब या मॉडेलमध्ये नाही आणि घालू पाहूही नका. तो पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर आणि ओलाव्यावर जातो. इलेक्ट्रोडवर विद्युतरोधक थर असेल तर त्याची जाडी त्याच्या सापेक्ष पर्मिटिव्हिटीने भागून विजेच्या फटीत मिळवा. यांत्रिक फट मात्र तीच राहते. दोन फटी वेगळ्या धरायच्या राहिल्या की सुटण्याचं व्होल्टेज हमखास चुकतं.

याच टप्प्यावर दांडी तुटणार नाही ना तेही पाहा. आपल्या दांडीत पूर्ण ०.१ रेडियनला सर्वाधिक शिअर ताण सुमारे २२० मेगापास्कल येतो. पॉलिसिलिकॉन एक गिगापास्कलच्या पुढे टिकतं, तेव्हा चिंता नाही.

इलेक्ट्रोड लहान केला तर

इलेक्ट्रोड कडेपर्यंत न नेता अक्षापासून 'ह' हिस्स्यापर्यंतच ठेवला, तर वरच्या सूत्रात ट(न) ऐवजी ट(ह × न) येतो. शिखर मग ह × न = ०.४४०४ वर येतं. ह = ०.७ घेतलं तर आरसा ३.६ अंशांपर्यंत ताब्यात राहतो, पण पुल-इन १३० व्होल्टवर जातं. ह ०.४४ किंवा कमी असेल तर पुल-इन नाहीच. आरसा टेकेपर्यंत सावकाश झुकतो. किंमत मात्र जबर आहे: व्होल्टेज ह च्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, म्हणजे आपल्या आरशाला सुमारे २६० व्होल्ट लागतील. इलेक्ट्रोडची अक्षाकडची कड थोडी मागे सरकवली तर फारसं बिघडत नाही, कारण अक्षाजवळ टॉर्कची भुजाच लहान असते.

दुसरा उपाय दोन इलेक्ट्रोडचा. दोन्ही बाजूंना समान मूळ व्होल्टेज द्या, मग एका बाजूला थोडं वाढवा आणि दुसऱ्या बाजूला तितकंच घटवा. दोन वर्गांची वजाबाकी होते आणि कोन त्या वाढ-घटीच्या सरळ प्रमाणात येतो. दुसऱ्या बाजूचा टॉर्क ट(−न) ने मिळतो, नवं सूत्र लागत नाही. फक्त मूळ व्होल्टेज जास्त झालं तर आरसा शून्य कोनावरच डळमळीत होतो. त्यामुळे ते ठरवण्याआधी वक्र काढून पाहा.

दांडी वाकते सुद्धा

आतापर्यंत आपण धरलं की दांड्या फक्त पिळल्या जातात. विजेची ओढ मात्र टॉर्कही देते आणि आरशाला सरळ खालीही खेचते. दांड्या त्या ओढीने वाकतात, आरसा अख्खाच खाली येतो, फट कमी होते, आणि पुल-इन ठरल्यापेक्षा आधी होतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महागात पडणारी सोपी चूक हीच.

अंदाज पटकन घेता येतो. प्रत्येक दांडी एका टोकाला घट्ट आणि आरशाकडच्या टोकाला आडवी राहणारी तुळई धरा. दोघींची मिळून उभी ताठरता उ = २४ × यंग मॉड्युलस × (द × ज³ ÷ १२) ÷ ल³. आपल्यासाठी ६१ मायक्रोन्यूटन प्रति मायक्रोमीटर. पुल-इनच्या क्षणी खाली ओढणारं बल प × र × अ × व² ÷ (२ × फ² × (१ − न)), म्हणजे ९.१ मायक्रोन्यूटन. झोळ (आरसा अख्खा खाली आलेलं अंतर) ०.१५ मायक्रोमीटर. फट १० असताना हा दीड टक्का. पुल-इन व्होल्टेज दोनेक टक्के खाली येईल. चालून जाईल.

आता कोणी म्हणालं, व्होल्टेज फार आहे, दांड्या लांब करून ५० च्या २०० करू. पिळाची ताठरता चौपट घटते, पुल-इन ७५.९ वरून ३८ व्होल्टवर येतं, सगळे खूश. पण उभी ताठरता लांबीच्या घनाने घटते: चौसष्टपट. ती ०.९६ वर येते. बल चौपटच कमी झालंय, २.३ मायक्रोन्यूटन. झोळ आला २.४ मायक्रोमीटर, फटीचा जवळजवळ चौथा भाग. आता ३८ हा आकडा निरुपयोगी आहे; आरसा त्याच्या बराच आधी कोसळेल, आणि तेही कमी कोनावर.

अशा वेळी दोन चलांचं मॉडेल घ्या: कोन आणि झोळ. टॉर्क आणि बलाच्या सूत्रांत 'फ' च्या जागी 'फ वजा झोळ' घाला. 'न' सुद्धा या नव्या फटीवरून काढा. दोन समीकरणं होतात: त × कोन = टॉर्क आणि उ × झोळ = बल. दोन्हींत व² सारखाच गुणला आहे, म्हणून एकाला दुसऱ्याने भागलं की व्होल्टेज उडून जातं आणि दिलेल्या कोनाला फक्त झोळ हा एक अज्ञात उरतो. तो निम्मं-निम्मं करत शोधा, मग व्होल्टेज काढा, मग पुढचा कोन. पुन्हा तीच युक्ती: कोन धरायचा. वक्राचं शिखर हेच नवं पुल-इन. पंचवीस ओळींचा प्रोग्राम आहे.

गुरुत्वाचं काय, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. आपल्या आरशाचं वजन ०.००१८ मायक्रोन्यूटन. त्याने येणारा झोळ नॅनोमीटरच्या तीन शतांश, अणूच्या आकाराहून कमी. विसरून जा. कॅसिमिर बलही (अगदी जवळ आलेल्या पृष्ठभागांमधलं क्वांटम आकर्षण) १० मायक्रोमीटरच्या फटीत विसरण्यासारखंच. ते जाणवतं शंभरेक नॅनोमीटरच्या फटीत, आणि २००१ मध्ये बेल लॅब्समध्ये ते मोजलं गेलं तेव्हा साधन म्हणून अशीच पिळावरची पॉलिसिलिकॉनची पाटी वापरली होती.

आता सॉफ्टवेअर उघडा

हातात वक्र आहे, तेव्हा फायनाइट एलिमेंटकडून नेमकं काय हवंय ते माहीत आहे: कडेबाहेर फुगणारं विजेचं क्षेत्र, दांडी जिथे आरशाला आणि खांबाला जुळते तिथला मऊपणा, आणि आरशाचं स्वतःचं वाकणं.

क्षेत्राच्या फुगवट्यासाठी हाताने काढायचा अंदाज म्हणजे रुंदीत फटीच्या ०.६५ पट मिळवणं: २०० च्या जागी २०६.५, टॉर्क तीन टक्क्यांनी जास्त. झुकणाऱ्या कडेचा फुगवटा वेगळा, आणि भुजा तिथेच सर्वात लांब असल्यामुळे तो नगण्य नसतो. नेमका आकडा हवा तर आरसा दहा-बारा ठराविक कोनांवर गोठवा, प्रत्येक कोनाला धारिता काढा आणि टॉर्क = ½ × व² × (धारितेचा कोनानुसार बदल) वापरा. उभ्या कंगव्यासारखे इलेक्ट्रोड असतील तर हीच वाट धरावी लागते, कारण तिथे सोपं सूत्र नाही. पण धारितेच्या आकड्यांतून थेट उच्च घाताची बहुपदी ओढू नका; बहुपदी बिंदूंतून नीट जाते आणि तिचा उतार मधे मधे लाटा मारतो, मग टॉर्क नाचतो. सूत्राने मिळणाऱ्या धारितेशी गुणोत्तर काढा, ते गुणोत्तर सावकाश बदलतं, आणि त्यालाच साधा वक्र बसवा.

जोडलेलं पूर्ण मॉडेल चालवायचंच असेल तर आरशाच्या कडेचं विस्थापन ठरवून व्होल्टेज अज्ञात ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एखादं जागतिक समीकरण (ग्लोबल इक्वेशन, म्हणजे सगळ्या मॉडेलसाठी एकच जादा अट) घालून हे जमतं. मेश दांडीत बारीक हवी, आरशात नाही. जाडीच्या दिशेने एकच रेषीय (पहिल्या घाताचा) एलिमेंट ठेवला तर दांडी उगाच ताठ दिसते.

मोजमापाशी गाठ

आरशावर लेझर टाकून परावर्तित ठिपका मोजत असाल तर लक्षात ठेवा, आरसा २.५२ अंश वळला की किरण ५.०४ अंश वळतो. त्यात कोणी कोन एका बाजूचा लिहितं, कोणी दोन्ही बाजूंचा मिळून. चारपट चूक इथे सहज होते, आणि मी ती दोनदा केली आहे.

मॉडेल आणि मोजमाप पहिल्या फेरीत जुळणार नाही. कारण बनावटीत आहे. जाडी २ ऐवजी २.१ झाली तर पुल-इन ६ टक्क्यांनी वर. दांडीची रुंदी खोदकामात ३ वरून २.८ झाली तर तितकंच खाली. फट पाच टक्क्यांनी वाढली तर साडेसात टक्के वर. तेव्हा आकडे जुळवण्यासाठी सगळी बटणं एकदम फिरवू नका. आधी अगदी कमी व्होल्टेजला आरशाची पिळाची नैसर्गिक वारंवारता मोजा. आपल्या आरशाची ती २२.४ किलोहर्ट्झ असायला हवी. मोजलेल्या आकड्यावरून आणि आरशाच्या जडत्वावरून ताठरता थेट मिळते, दांडीची मापं न घेता. मग कोन विरुद्ध व्होल्टेजचा वर्ग असा आलेख काढून सुरुवातीच्या उतारावरून फट काढा. इथे थांबा. आता पुल-इन हा जुळवलेला आकडा राहत नाही, खरी परीक्षा होते. मोजलेलं पुल-इन कमी कोनावर येत असेल तर दांड्या वाकताहेत. जास्त कोनावर येत असेल तर इलेक्ट्रोड तुम्हाला वाटतो तितका कडेपर्यंत पोचलेला नाही.

शेवटी तारा उलट करून तेच मोजमाप उणे व्होल्टेजला घ्या. सूत्रात व² आहे, म्हणजे वक्र तोच यायला हवा. वक्राचा तळ शून्यावर न येता एखाद-दोन व्होल्ट बाजूला सरकलेला दिसला तर विद्युतरोधक थरात भार अडकला आहे. तो सरकलेला आकडा व्होल्टेजमधून वजा करा, आणि ताठरता किंवा फट त्याच्यासाठी बदलू नका.